पक्षकार कोण? आंतरराष्ट्रीय कायद्याची गोष्ट, साताऱ्यापासून हेगपर्यंत

रंगो बापूजी गुप्ते यांचं नाव साताऱ्यात सत्तावनच्या उठावामुळे घेतलं जातं. त्याआधी त्यांनी लंडनमध्ये काढलेली सुमारे चौदा वर्षं मात्र फारशी कोणी सांगत नाही. आंतरराष्ट्रीय कायदा समजून घ्यायचा असेल तर साताऱ्याच्या माणसाने सुरुवात तिथूनच करावी, असं मला मनापासून वाटतं.

प्रकरण असं होतं. पेशवाई बुडाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीने २५ सप्टेंबर १८१९ रोजी छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी तह केला. महाराजांना आणि त्यांच्या वारसांना राज्य मिळालं. बदल्यात कंपनीच्या परवानगीशिवाय बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी संबंध ठेवायचे नाहीत, अशी अट आली. पुढे हीच अट मोडल्याचा, गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधल्याचा आरोप ठेवून कंपनीने १८३९ मध्ये महाराजांना गादीवरून उतरवलं. कबुलीच्या कागदावर सही करा, गादी शाबूत राहील, असं त्यांना सांगण्यात आलं होतं. त्यांनी सही केली नाही. त्यांची रवानगी काशीला झाली आणि १८४७ मध्ये तिथेच ते वारले. त्यांच्या जागी बसवलेले भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब १८४८ मध्ये गेले. जाण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता, आणि धर्मशास्त्राप्रमाणे दत्तक मुलगा वारस होतोच. डलहौसीने मात्र राज्यापुरता तो वारस मानला नाही. दत्तक नामंजूर करून त्याने खालसा केलेलं पहिलं राज्य साताऱ्याचं.

रंगो बापूजी महाराजांचे वकील म्हणून लंडनला गेले ते महाराजांना गादीवरून उतरवल्याची दाद मागायला. कंपनीच्या संचालकांकडे अर्ज झाले, भागधारकांच्या सभांमधून बाजू मांडून झाली, पार्लमेंटच्या सभासदांच्या गाठीभेटी झाल्या. जोसेफ ह्यूमसारख्या सभासदाने हाउस ऑफ कॉमन्समध्ये साताऱ्याचा प्रश्न उचललाही. लेखी तह होता, दोन पक्ष होते, तह मोडल्याची तक्रार होती. तह मोडला कोणी, हे ठरवणारा तिसरा मात्र कोणीच नव्हता. ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच दारात अर्ज. शेवटी रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले. सत्तावनच्या धामधुमीत ते बेपत्ता झाले आणि त्यांचा मुलगा सीताराम याला इंग्रजांनी देहदंड दिला.

आंतरराष्ट्रीय कायद्याची व्याख्या पुस्तकात सोपी असते: राष्ट्रांराष्ट्रांमधले व्यवहार ज्या नियमांनी चालतात तो कायदा. खरी मेख ‘पक्षकार कोण’ या प्रश्नात आहे. करार करण्याची पात्रता कोणाची? त्या कराराने कोण बांधलं जातं? आणि करार मोडला तर कोणाला उभं राहता येतं, कोणासमोर? गेल्या चारशे वर्षांचा या कायद्याचा इतिहास म्हणजे या प्रश्नांची बदलत गेलेली उत्तरं आहेत. त्यातली काही उत्तरं मराठी माणसाच्या प्रकरणांत घडली, म्हणून मी तीच घेतो.

मूळ युरोपातलं. १६४८ च्या वेस्टफालियाच्या तहांपासून सार्वभौम, एकमेकांच्या बरोबरीची राज्यं ही कल्पना रुजली, असं सगळीकडे शिकवतात. त्याआधीचा मोठा माणूस डच कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस. समुद्र कोणाच्या मालकीचा नाही, तो सगळ्यांना खुला आहे, हा त्याचा १६०९ मधला सिद्धांत आजही सागरी कायद्याच्या मुळाशी आहे. हा सिद्धांत त्याने मांडला कशासाठी, हे लक्षात ठेवण्याजोगं आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांनी १६०३ मध्ये सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज जहाज पकडून लुटलं होतं आणि त्या कृत्याचं समर्थन करण्याचं काम ग्रोशियसकडे आलं होतं. म्हणजे या कायद्याच्या जन्मवेळी राज्यांच्या शेजारी व्यापारी कंपनीही हजर होती.

त्या काळात आशियातल्या सत्ता या व्यवहारातून वगळलेल्या नव्हत्या. मराठ्यांनी पोर्तुगिजांशी तह केले, इंग्रजांशी सालबाईचा तह केला. वाटाघाटी झाल्या, वकील बसले, कलमं पडली, ओलीस आणि नुकसानभरपाई ठरली. एकोणिसाव्या शतकात युरोपची ताकद वाढली तसं हे दार बंद होत गेलं. आंतरराष्ट्रीय कायदा फक्त ‘सुसंस्कृत’ राष्ट्रांसाठी, आणि सुसंस्कृत कोण ते आम्ही ठरवणार, अशी भाषा तिथल्या कायदेपंडितांच्या ग्रंथांत आली. १८९१ मध्ये तर ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानच्या राजपत्रात जाहीरच केलं, की सरकार आणि देशी संस्थानं यांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वं लागूच होत नाहीत. सांगलीच्या पटवर्धनांपासून हैदराबादच्या निजामापर्यंत सगळ्यांचे तह होते, शिक्के होते. त्या एका अधिसूचनेने ते सगळे ‘घरगुती मामला’ ठरले. रंगो बापूजींना जी भिंत अनुभवाने कळली होती, ती आता छापून आली.

तिसरा माणूस कुठून आणायचा, या प्रश्नाचं पहिलं कायमस्वरूपी उत्तर १८९९ च्या हेग परिषदेत मिळालं. तिथे कायमस्वरूपी लवाद न्यायालय स्थापन झालं. नावात न्यायालय असलं तरी ती प्रत्यक्षात लवादांची यादी आणि एक कचेरी. दोन राज्यांनी आपसात ठरवायचं, लवाद निवडायचे आणि निकाल मानायचा.

याच लवादापुढे १९११ मध्ये एक मराठी नाव आलं. सावरकरांची मार्सेलिसची उडी आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही माहीत असते. ८ जुलै १९१० रोजी ‘मोरिया’ बोटीच्या खिडकीतून निसटून ते पोहत फ्रान्सच्या किनाऱ्याला लागले, फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून परत बोटीवर दिलं. गोष्ट बहुधा इथे थांबते. त्यानंतर कायद्याचं जे झालं ते जास्त शिकवणारं आहे. फ्रान्सच्या भूमीवर पाय टेकलेल्या राजकीय कैद्याला कोणत्याही रीतसर प्रक्रियेशिवाय परत नेणं हा आपल्या सार्वभौमत्वाचा भंग आहे, अशी हरकत फ्रान्सने घेतली. ब्रिटनने ती मानली नाही. दोघांनी वाद हेगच्या लवादाकडे सोपवला. पाच लवाद बसले. त्यांत एक ब्रिटिश आणि एक फ्रेंच होता. २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल आला: सावरकरांना परत देताना फ्रेंच पोलिसाकडून अनियमितता झाली हे खरं, पण कैद्याला पळून जाऊ न देण्याबाबत फ्रेंच पोलिसांशी आधीच बोलणं झालेलं होतं, ब्रिटनने फसवणूक किंवा जबरदस्ती केलेली नाही, त्यामुळे कैदी फ्रान्सला परत करण्याचं बंधन ब्रिटनवर नाही.

आता या खटल्यात पक्षकार कोण होते ते बघा. फ्रान्स आणि ब्रिटन. ज्याच्या आयुष्याचा प्रश्न होता तो माणूस तेव्हा हिंदुस्थानच्या तुरुंगात होता आणि त्याला तोवर दोन जन्मठेपांची शिक्षा झालेली होती. लवादापुढे त्याची स्वतःची बाजू, त्याचा वकील, त्याचं म्हणणं यांना जागाच नव्हती. फ्रान्सची तक्रार स्वतःच्या अपमानाची होती. व्यक्ती ही या कायद्यात वादाची वस्तू होती. निकाल बरोबर की चूक यावर वकिलांत आजही मतभेद होतील, पण व्यक्तीचं हे स्थान मला निकालापेक्षाही जास्त खटकतं.

पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये राष्ट्रसंघ आला, १९२२ मध्ये त्याच्या छत्राखाली कायमस्वरूपी न्यायालय सुरू झालं. हिंदुस्थान परतंत्र असूनही राष्ट्रसंघाचा संस्थापक सभासद होता आणि १९४५ मध्ये सान फ्रान्सिस्कोला संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर सही करणाऱ्या पहिल्या देशांमध्येही होता. आज संयुक्त राष्ट्रांचे १९३ सभासद आहेत. एका अर्थाने १८९१ ची भिंत पाडली ती वसाहतींच्या स्वातंत्र्याने. कोण सुसंस्कृत हा प्रश्न विचारायची सोय उरली नाही. सुरक्षा परिषदेतले पाच कायम सभासद आणि त्यांचा नकाराधिकार मात्र राहिला, आणि बरोबरीच्या तत्त्वाला लागलेला तो डाग आजही तसाच आहे.

१९४६ पासून हेगला आंतरराष्ट्रीय न्यायालय बसतं. पंधरा न्यायाधीश, प्रत्येकाची मुदत नऊ वर्षं. भारताचे बेनेगल नरसिंह राव, नगेंद्र सिंह, आर. एस. पाठक आणि दलवीर भंडारी तिथे बसले; नगेंद्र सिंह तर अध्यक्षही झाले. या न्यायालयाचे दोन नियम डोक्यात पक्के बसले की अर्धा विषय कळला. पहिला: इथे पक्षकार फक्त राज्य होऊ शकतं. दुसरा: संमतीशिवाय कोणत्याही राज्याला इथे खेचता येत नाही. आपल्याकडे बांधावरून वाद झाला तर शेजाऱ्याला नोटीस जाते आणि त्याला यावंच लागतं. तो आला नाही तर एकतर्फी हुकूमनामा होतो. हेगला आधी शेजाऱ्याने ‘मी इथे येईन’ असं कधीतरी, कशात तरी कबूल केलेलं असावं लागतं. ती कबुली कधी सरसकट जाहीरनाम्यात असते, कधी एखाद्या तहाच्या कलमात.

पोर्तुगालने या नियमाचा भारताविरुद्ध चटकन वापर केला. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारखी माणसं होती हे महाराष्ट्राला सांगायला नको. पोर्तुगालने १९ डिसेंबर १९५५ रोजी न्यायालयाची अधिकारिता मान्य करणारा जाहीरनामा दिला आणि तीनच दिवसांनी भारतावर दावा दाखल केला. दमणहून या भूभागात जाण्यासाठी भारतातून वाट मिळण्याचा आपल्याला हक्क आहे, असं त्यांचं म्हणणं. हक्काचं मूळ त्यांनी दाखवलं मराठ्यांशी १७७९ मध्ये झालेल्या पुण्याच्या तहात आणि त्यानंतरच्या सनदांमध्ये.

आणि मग हेगच्या न्यायाधीशांपुढे मराठी राज्यकारभार उलगडला गेला. तहात पोर्तुगिजांना दिलं होतं ते नेमकं काय? वर्षाला १२,००० रुपये उत्पन्नाची गावं. पोर्तुगाल म्हणालं, सार्वभौमत्व दिलं. भारतातर्फे मांडलं गेलं, की ही सरंजामाची पद्धत आहे: महसूल वसुलीचा हक्क मिळतो, मुलुखाची मालकी मिळत नाही, आणि देणारा तो काढूनही घेऊ शकतो. न्यायालयाने तह झाला होता हे मान्य केलं. अठराव्या शतकातल्या हिंदुस्थानातल्या तहाची वैधता नंतरच्या काळातल्या रीतिरिवाजांवरून ठरवता येणार नाही, असंही म्हटलं. आणि देणगीचं स्वरूप सरंजामाचंच होतं, हे स्वीकारलं. १२ एप्रिल १९६० च्या निकालात पुढच्या दीर्घ वहिवाटीवरून न्यायालयाने खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यासाठी वाटेचा हक्क मानला. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रं यांच्यासाठी मानला नाही, तोही आठ विरुद्ध सात मतांनी. भारताने आपली बंधनं मोडलेली नाहीत, असा निकाल नऊ विरुद्ध सहा मतांनी लागला. मोतीलाल सेटलवाड भारताच्या बाजूने उभे होते आणि न्या. छागला खास न्यायाधीश म्हणून बसले होते. हा निकाल वाचताना मला फार भरून येतं. साताऱ्याच्या गादीच्या नावाने चालणाऱ्या राज्याचा तह एका जागतिक न्यायालयाने बरोबरीच्या दोन सत्तांमधला करार म्हणून तपासला, हे शंभर वर्षं आधी घडलं असतं तर किती वेगळं झालं असतं!

राज्यांखेरीज इतर पक्षकार आत आले ते दुसऱ्या महायुद्धानंतरच, आणि तेही एकेका दाराने. १९४८ मध्ये जेरुसलेममध्ये संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ काउंट बर्नाडोट यांचा खून झाला. भरपाई मागायची कोणी? १९४९ मध्ये न्यायालयाने मत दिलं, की संयुक्त राष्ट्रसंघ राज्य नसला तरी त्याला स्वतःचं कायदेशीर अस्तित्व आहे आणि तो दावा करू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेपासून जागतिक व्यापार संघटनेपर्यंत संस्था आज करार करतात त्यामागे हीच कल्पना आहे. न्यूरेंबर्गला १९४५-४६ मध्ये दुसरी गोष्ट ठरली: गुन्हे माणसं करतात, तेव्हा राज्याच्या आडोशाला उभं राहून माणसाला सुटता येणार नाही. त्याच धाग्याचं टोक म्हणजे २००२ पासून काम करणारं आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय. भारत त्याचा सभासद नाही.

व्यक्तीला शिक्षा झाली, पण हक्क? १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात ‘सर्व पुरुष’ या अर्थाचा शब्द काढून ‘सर्व मानव’ आणण्याचं श्रेय भारताच्या हंसा मेहता यांना जातं. पुढे करार आले. पण भारतातला माणूस नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारावरून संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे थेट तक्रार करू शकत नाही, कारण तशी मुभा देणारा जोडकरार भारताने स्वीकारलेला नाही. आपल्यापर्यंत हा कायदा बहुधा आपल्याच न्यायालयांतून पोचतो. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराचा आधार घेतला, २०१३ मध्ये संसदेने कायदा केला, आणि साताऱ्यातल्या बँकेत, कॉलेजात, कारखान्यात आज लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असते. तिथे तक्रार करणाऱ्या मुलीला तो करार माहीतही नसेल. कायदा असाच काम करतो, न्यायाधीशाच्या टेबलावरून उतरून.

‘याला पोलीस कुठे आहे?’ हा प्रश्न प्रत्येक वर्गात येतो. पोलीस नाही. तरी परदेशी पत्र पोचतं, विमानं दुसऱ्याच्या आकाशातून जातात. कासचं पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाचा भाग म्हणून आणि प्रतापगड २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याचा भाग म्हणून जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा भारताने १९७२ च्या कराराखालची जबाबदारीच स्वीकारली. दररोजचं बहुतेक पालन असं निमूट चालतं, कारण मोडलं तर आपलीच अडचण होते.

कंपन्यांना मात्र व्यक्तींपेक्षा लवकर आणि रुंद दार मिळालं. गुंतवणूक करारांमुळे परदेशी कंपनी यजमान देशाला थेट लवादापुढे उभं करू शकते. पूर्वलक्षी, म्हणजे मागच्या तारखेपासून लावलेल्या, कराच्या वादात व्होडाफोनने नेदरलँड्सशी असलेल्या करारावरून २०२० मध्ये भारताविरुद्ध निवाडा मिळवला, केर्न या तेलकंपनीने त्याच वर्षी, आणि २०२१ मध्ये संसदेने ती करतरतूद मागे घेतली. कर योग्य होता की नाही हा वेगळा विषय. पण कंपनीला थेट दाद आणि नागरिकाला नाही, हा तोल मला न्याय्य वाटत नाही.

आता कुलभूषण जाधव. जन्म सांगलीचा, घराणं मूळचं सातारा जिल्ह्यातलं, निवृत्त नौदल अधिकारी. पाकिस्तानने मार्च २०१६ मध्ये त्यांना पकडलं; बलुचिस्तानात पकडलं असं पाकिस्तान म्हणतं, इराणमधून पळवून नेलं असं भारत. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने फाशी सुनावली. भारताने वारंवार मागूनही वकिलातीच्या अधिकाऱ्यांना त्यांना भेटू दिलं नाही.

भारताने दावा कसा बसवला ते पाहण्यासारखं आहे. पाकिस्तानला हेगला आणायचं तर संमती हवी, आणि सरसकट जाहीरनाम्यांचा रस्ता भारताने स्वतःच वापरून बंद केला होता: १९९९ मध्ये भारताने पाडलेल्या पाकिस्तानी विमानावरून पाकिस्तानने दावा केला तेव्हा, राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद आम्ही वगळले आहेत, असं भारताने म्हटलं आणि २००० मध्ये न्यायालयाने ते मानलं. म्हणून आता भारताने फाशी, हेरगिरी, लष्करी न्यायालय हे सगळं बाजूला ठेवून १९६३ च्या वाणिज्य दूतविषयक व्हिएन्ना कराराचं कलम ३६ धरलं. परक्या देशात पकडलेल्या माणसाला आपल्या दूतावासाशी संपर्काचा हक्क आहे, तो त्याला तात्काळ सांगितला पाहिजे, एवढंच ते कलम. या कराराचा जोडकरार दोन्ही देशांनी स्वीकारलेला होता आणि त्यात, यावरचा वाद हेगला जाईल, अशी कबुली होती. संमती तिथे सापडली.

८ मे २०१७ रोजी अर्ज, १८ मे रोजी फाशीला स्थगिती. हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर बाजू मांडली. १७ जुलै २०१९ रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी ठरलं, की पाकिस्तानने कलम ३६ मोडलं. हेरगिरीच्या आरोपींना हे कलम लागू नाही, ही पाकिस्तानची सबब फेटाळली गेली. सुटकेची आणि शिक्षा रद्द करण्याची भारताची मागणीही न्यायालयाने मानली नाही. शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, असा आदेश झाला. पाकिस्तानला त्यासाठी २०२१ मध्ये खास कायदा करावा लागला. जाधव घरी आलेले नाहीत. पण १९११ च्या आणि या खटल्यात एक मोठा फरक पडला आहे. दावा अजूनही राज्याचाच, तरी कलम ३६ मधला हक्क राज्याबरोबर त्या माणसाचाही आहे, हे आता न्यायालय गृहीत धरून बोलतं.

सगळ्यात ताजं प्रकरण पॅसिफिकमधल्या कायद्याच्या विद्यार्थ्यांचं. साउथ पॅसिफिक विद्यापीठातल्या सत्तावीस मुलांनी २०१९ मध्ये ठरवलं, की हवामान बदलाबाबत राज्यांची बंधनं काय आहेत हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. त्यांना स्वतः विचारता येत नव्हतं. सल्लागार मत मागण्याचा अधिकार संयुक्त राष्ट्रांची आमसभा, सुरक्षा परिषद आणि ठरावीक संस्थांनाच आहे. मग त्यांनी वानुआतू या चिमुकल्या देशाला पटवलं, त्या देशाने बाकीच्यांना, आणि मार्च २०२३ मध्ये आमसभेने एकमताने ठराव केला. डिसेंबर २०२४ च्या सुनावणीत ९६ राज्यं बोलली. ऐतिहासिक जबाबदारी विकसित देशांची आहे, नवी बंधनं घालू नका, असं भारताने सांगितलं. २३ जुलै २०२५ रोजी सर्व न्यायाधीशांनी एकमताने मत दिलं: हवामानाचं रक्षण करणं हे राज्यांचं कायदेशीर बंधन आहे आणि ते मोडलं तर भरपाईची जबाबदारीही येऊ शकते.

हे मत बंधनकारक नाही. २०१९ च्या महापुरात कृष्णेच्या पाण्याखाली घर गेलेल्या सांगलीकराला ते घेऊन हेगला जाता येणार नाही. पण मार्च २०२४ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा घटनेच्या कलम १४ आणि २१ मधला हक्क मानला आहे, आणि तो सांगलीकर उच्च न्यायालयात गेला तर त्याचा वकील त्या निकालाच्या जोडीला हेगचं मतही न्यायाधीशांपुढे ठेवू शकतो.